पिल्लाच्या तोंडात काय जाऊ द्यायचं: चघळण्याच्या वस्तू, खाणं आणि खेळणी

पावसाळ्यात ठाण्याच्या उपवन तलावाकाठी गेलात की भाजलेल्या मक्याचा वास येतो, आणि दाणे खाऊन फेकलेली कणसं पायाखाली येतात. आमची कुत्री चिंगी साडेचार महिन्यांची असताना तिने असंच एक कणीस उचललं. मी खिशातला उकडलेल्या चिकनचा तुकडा तिच्या नाकाशी धरला, "सोड" म्हणाले आणि तिने कणीस टाकलं. पाच सेकंदांत विषय संपला. पण ते कणीस पोटात गेलं असतं तर पचलं नसतं. त्याचा तुकडा आतड्यात अडकू शकला असता आणि मग पोट उघडून काढावा लागला असता. कुत्र्यांच्या डॉक्टरांना विचारा, कणसं आणि आंब्याच्या कोयी त्यांनी कितीतरी वेळा काढलेल्या असतात.

पिल्लू घरी आणणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट सांगते. पाकिटावर 'पिल्लांसाठी सुरक्षित' असं लिहिलं म्हणून वस्तू सुरक्षित होत नाही. तुमच्या पिल्लाचा जबडा आज केवढा आहे, दात कोणते आहेत आणि ती वस्तू चावून चावून आज कशी झाली आहे, यावर ते ठरतं. हे तिन्ही दर आठवड्याला बदलतं, म्हणून एकदा खरेदी करून मोकळं होता येत नाही.

पायरी १: आधी दात समजून घ्या

पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण आठ आठवड्यांचं होईपर्यंत ते सगळे आलेले असतात. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात, आधी पुढचे छोटे, मग सुळे आणि दाढा. सहा-सात महिन्यांत ४२ पक्के दात येतात. मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू सोफ्याचा कोपरा, चप्पल, तुमचा घोटा, जे मिळेल ते चावतं. हा खोडकरपणा नाही, त्याला खरोखर त्रास होत असतो. दुधाचे दात सुईसारखे टोकदार असतात पण बारीक आणि ठिसूळ, त्यामुळे कडक वस्तूवर सहज तुटतात.

खेळण्यावर थोडं रक्त दिसलं किंवा फरशीवर तांदळाएवढा दात सापडला तर घाबरू नका. बरेच दात पिल्लू गिळूनही टाकतं, त्याने काही होत नाही. मात्र सहा महिन्यांनंतर पक्क्या सुळ्याला चिकटून दुधाचा सुळा तसाच उभा दिसला तर डॉक्टरांना दाखवा. छोट्या जातींमध्ये हे बऱ्याचदा होतं.

अजून पिल्लू आणलं नसेल तर हेही लक्षात घ्या. "३५ दिवसांचं आहे, घेऊन जा" असं कोणी म्हणालं तर घेऊ नका. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी बंदी आहे. किती जोरात चावलं की दुसऱ्याला दुखतं, हे पिल्लू त्या शेवटच्या आठवड्यांतच आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. तो धडा चुकलेलं पिल्लू पुढे तुमच्या हातांवर शिकत बसतं.

पायरी २: घर जमिनीवर बसून बघा

पिल्लू येण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक खोलीत फरशीवर बसा आणि तुमच्या गुडघ्यापर्यंतच्या उंचीवर काय काय आहे ते बघा. चार्जरच्या वायरी, मोजे, केसांची रबरं, बटणासारखे सेल, गोळ्यांची पाकिटं. कपाटात खालच्या कप्प्यात डांबराच्या गोळ्या असतील तर त्या काढाच, त्या विषारी आहेत. गजऱ्याचा आणि राखीचा दोरा आपल्याला आठवतही नाही, पण पोटात गेलेला दोरा फार वाईट. त्याचं एक टोक कुठेतरी अडकतं, आतडं त्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि दोरा ते आतून कापतो.

बाल्कनीतला मनीप्लांट आणि डिफनबेकिया चावला तर तोंडाची आग होते, लाळ गळते. कण्हेर याहून गंभीर आहे, ती थेट हृदयावर परिणाम करते. घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांच्या बागांत शोभेसाठी लावलेला सायकस बघितला असेल, खजुराच्या छोट्या झाडासारखा दिसणारा. त्याचं बी तर पिल्लाचं यकृतच निकामी करतं. त्याच्या आसपास पिल्लू मोकळं सोडू नका.

सोसायटीत उंदरांसाठी वड्या ठेवतात. त्या कुठे आणि कधी ठेवल्या, हे वॉचमनकाकांना किंवा सेक्रेटरींना विचारून घ्या. यातल्या बऱ्याच वड्यांमुळे रक्त गोठायचं थांबतं, आणि पिल्लू दोन ते पाच दिवस अगदी ठणठणीत दिसून मग एकदम कोसळतं. म्हणून वडी खाल्ल्याचा नुसता संशय असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, वडीचं वेष्टन सोबत घेऊन. वेळेत व्हिटॅमिन के सुरू झालं तर पिल्लू वाचतं.

पायरी ३: खाण्याचं पाकीट वाचायला शिका

पहिला आठवडा पिल्लू आधीच्या जागी जे खात होतं तेच द्या. मग सात ते दहा दिवसांत हळूहळू बदला: आधी पाव हिस्सा नवं, मग अर्धं, मग पाऊण. घाई केली की जुलाब ठरलेले.

पाकिटाच्या पुढच्या बाजूचे फोटो सोडून द्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. त्यात दोन गोष्टी शोधा. एक म्हणजे हे पूर्ण आणि संतुलित अन्न आहे असं लिहिलंय का. 'पूरक' किंवा 'ट्रीट' लिहिलेलं अन्न जेवण म्हणून चालत नाही. दुसरं, ते वाढीच्या वयासाठी किंवा सर्व वयांसाठी आहे का. अमेरिकेतल्या 'ॲफ्को' या संस्थेचे निकष बऱ्याच कंपन्या पाळतात. त्यानुसार वाढत्या पिल्लाच्या अन्नात, पाणी वजा करून, किमान २२.५ टक्के प्रथिनं आणि ८.५ टक्के स्निग्धांश लागतात. मोठ्या कुत्र्यांच्या अन्नाला १८ टक्के प्रथिनं चालतात, म्हणून घरातल्या मोठ्या कुत्र्याचंच अन्न पिल्लाला घालू नका.

लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर यांसारख्या मोठ्या जाती असतील तर आणखी एक काळजी. त्यांना कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं आणि सांधे वाकडे वाढतात. त्यांच्यासाठी 'लार्ज ब्रीड पपी' लिहिलेलंच अन्न घ्या. आणि दुकानदार पाकिटासोबत कॅल्शियमचं सिरप हातात ठेवतो ते नम्रपणे परत करा. पूर्ण अन्न खाणाऱ्या पिल्लाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते लागत नाही.

किती द्यायचं? पाकिटावरच्या तक्त्यात पिल्लाचं वय आणि मोठेपणीचं अंदाजे वजन यावरून दिवसाचे ग्रॅम दिलेले असतात. समजा १८० ग्रॅम निघाले. सकाळी स्वयंपाकघराच्या काट्यावर १८० ग्रॅम मोजून एका डब्यात काढा. त्यातली मूठभर शिकवताना बक्षीस म्हणून बाजूला ठेवा आणि उरलेल्याचे चार भाग करा. तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. पाकिटातलं अन्न घरातल्या कोणीही दिलं तरी ते त्या डब्यातूनच द्यायचं. हा नियम केल्यावर आमच्याकडे "मी नाही दिलं, ह्यांनी दिलं" हा वाद बंद झाला. तक्ता ही फक्त सुरुवात असते. बरगड्यांवर हलका हात फिरवा. त्या हाताला लागल्या पाहिजेत पण लांबून दिसता कामा नयेत, त्याप्रमाणे दहा-पंधरा ग्रॅम कमीजास्त करा.

आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लाला पाकिटातले कोरडे दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून द्या. वीस मिनिटांत संपलं नाही तर भांडं उचला. मे महिन्याच्या उकाड्यात भिजवलेलं अन्न लवकर आंबतं.

सुटं, किलोवर मिळणारं अन्न घेऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या गोणीतल्या दाण्यांना बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही. छोटं पाकीट घ्या, महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढंच. दाणे डब्यात ओतू नका, पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे बॅच नंबर आणि तारीखही हाताशी राहते.

पायरी ४: आपल्या स्वयंपाकघरातलं काय चालतं

दूध-पोळी आणि बिस्किटं ही आपल्याकडची जुनी सवय. आईचं दूध सुटल्यावर बहुतेक पिल्लांना गाई-म्हशीचं दूध नीट पचत नाही, त्यावर जुलाब होतात. साधं दही चमचा-दोन चमचे चालतं. घरचं शिजवलेलं चिकन-भात-भोपळा एखाद-दोन दिवस पोट बिघडलं तर उत्तम, पण त्यावर महिनेच्या महिने पिल्लू वाढवलं तर कॅल्शियम कमी पडतं आणि हाडं मऊ राहतात. वरण-भातावर तर ते नीट वाढत नाही. घरचंच खायला घालायचं असेल तर डॉक्टरांकडून वजनानुसार मापं आणि पूरकं लिहून घ्या, अंदाजाने करू नका.

आता न देण्याच्या गोष्टी. चॉकलेट बहुतेकांना माहीत असतं. पण खरा धोका रोजच्या ताटात आहे. कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजलेला, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि अशक्तपणा काही दिवसांनी दिसतो. पोहे, उपमा, आमटी, रस्सा, सगळ्यात तो आहे. द्राक्षं, मनुका, बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पाडतात. किती खाल्ले की त्रास होईल हे कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून एकही नको. बिनसाखरेच्या च्युइंग गममध्ये आणि काही पीनट बटरमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं असतं, त्याने रक्तातली साखर झपाट्याने उतरते. पुरणपोळी आणि श्रीखंडातलं जायफळही त्यांच्यासाठी नाही. आणि ताप आला म्हणून आपली गोळी अर्धी करून कधीच देऊ नका.

आमच्या सत्यनारायणाला माझ्या सासूबाईंनी चिंगीपुढे शिऱ्याची वाटी धरली होती. मी म्हणाले, "आई, नको, बेदाणे आहेत त्यात." त्या म्हणाल्या, "अगं, देवाचा प्रसाद आहे, त्याने काय होतंय?" मी डॉक्टरांनी सांगितलेलं मूत्रपिंडाचं सगळं समजावून सांगितलं. त्या दिवसापासून त्या स्वतःच पूजेच्या ताटातली काकडीची फोड चिंगीसाठी बाजूला काढतात, आणि आल्या-गेल्यालाही तसंच सांगतात. घरातल्या मोठ्या माणसांना नुसतं "देऊ नका" म्हणून भागत नाही. त्यांच्या हाताला द्यायला काहीतरी हवं असतं. काकडी, गाजर, बिया काढलेलं सफरचंद, उकडलेला लाल भोपळा यापैकी एक वाटी फ्रिजमध्ये भरून ठेवा. असं सगळं वरचं खाणं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नका.

पायरी ५: चघळायला काय

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण दुकानात सगळ्यात पुढे टांगलेल्या वस्तू याच असतात.

साधी परीक्षा अशी. वस्तूवर अंगठ्याचं नख जोरात दाबा. खळगा पडला पाहिजे. पडत नसेल तर ती पिल्लाच्या दातापेक्षा कडक आहे, परत ठेवा. शिंगं, खूर, कडक नायलॉनची हाडं या परीक्षेत लगेच बाद होतात. अशा वस्तूंवर मोठ्या कुत्र्यांच्याही वरच्या दाढांचे कपचे उडतात. छुर्पी, म्हणजे याकच्या दुधाचं वाळवलेलं चीज, हल्ली खूप विकलं जातं. ते नैसर्गिक असलं तरी दगडासारखं असतं, पक्के दात येईपर्यंत नको.

दाबलेल्या चामड्याच्या पांढऱ्या हाडांबद्दल आणि रंगीत मंची काड्यांबद्दल मला मनापासून सांगायचंय. पहिल्या महिन्यात मीही एक गाठीचं हाड आणलं होतं. एक दिवस चिंगीने ते मजेत चघळलं. दुसऱ्या दिवशी गाठ भिजून मऊ, चिकट झाली, सुटली आणि तिने तो लिबलिबीत पट्टा अख्खा गिळायला घेतला. अर्धा आत, अर्धा बाहेर, डोळे विस्फारलेले. टोक अजून बाहेर दिसत होतं म्हणून मला ते हळूच ओढून काढता आलं. पहिल्या दिवशी जी वस्तू बरी होती ती दुसऱ्या दिवशी गळ्यात अडकणारी झाली. त्यानंतर हा प्रकार आमच्या घरात आलेला नाही.

शिजवलेलं हाड, कोंबडीचं असो की मटणाचं, कधीच नाही. शिजल्यावर ते सुरीसारखं फुटतं. मटणवाल्याकडच्या नळीच्या गोल चकत्या खालच्या जबड्यात बांगडीसारख्या अडकतात आणि कापून काढाव्या लागतात. रस्त्यावर चायनीजच्या गाड्यांच्या मागे हाडं पडलेली असतात, तिथून जाताना दोरी आखूड धरा.

मग द्यायचं काय? दात येण्याच्या काळात थंडगार वस्तूंसारखं दुसरं काही नाही. जाड, अख्खं गाजर फ्रीझरमध्ये ठेवून द्या, एक टोक तुमच्या हातात. चकत्या करू नका, त्या घशात बसतात. जुन्या सुती साडीचा हातभर तुकडा घ्या, घट्ट पीळ देऊन गाठ मारा, पाण्यात बुडवून गोठवा. तुम्ही समोर बसलेले असतानाच द्या, आणि दोरे सुटायला लागले की फेकून द्या.

रोजच्यासाठी पोकळ रबरी खेळणं सगळ्यात उपयोगी, कॉंग नावाच्या कंपनीचं असतं तसं. पिल्लांसाठीचं रबर वेगळं, मऊ असतं, तेच घ्या. त्याला दोन्ही बाजूंनी भोकं हवीत. एकच भोक असेल तर आत हवेची पोकळी होऊन जीभ अडकू शकते. भिजवलेले दाणे, चमचाभर दही, थोडा उकडलेला भोपळा एकत्र कालवून आत भरा आणि चार तास गोठवा. आमच्याकडे संध्याकाळचं एक जेवण बऱ्याचदा असंच व्हायचं. वीस-पंचवीस मिनिटं ती चाटत, चावत बसायची आणि नंतर तिथेच झोपायची.

दातांसाठीच्या हिरव्या काड्यांवर किमान वय लिहिलेलं असतं. पाळा.

पायरी ६: खेळणी

खेळणं पिल्लाच्या तोंडात पूर्ण मावता कामा नये. चेंडू सुळ्यांच्या मागे जाऊ शकत असेल तर तो लहान आहे. आज बरोबर वाटणारा चेंडू दीड महिन्याने घशात बसतो, म्हणून एक माप मोठाच घ्या. कापडी खेळण्यांचे बटणाचे डोळे, फिती, लेबलं आधीच कापून टाका. जांभळी नाक्यावर मिळणारी स्वस्त मुलांची सॉफ्ट टॉइज नकोत, कारण त्यांच्यात कधीकधी थर्माकोलचे मणी असतात. शिट्टीवालं खेळणं हातात धरून खेळवा आणि शिट्टी बाहेर दिसायच्या आत काढून घ्या. दोरीच्या खेळण्याने ओढाताण खेळा, पण ते चघळायला सोडून जाऊ नका. नाकाशी धरल्यावर रॉकेलसारखा वास मारणारं रबर घेऊ नका.

जुनी चप्पल खेळायला देऊ नका. जुनी कुठली आणि पाहुण्यांची नवी कुठली, हे पिल्लाला कळत नाही.

पाच-सहा खेळणी पुरतात. दोन बाहेर, बाकी कपाटात, दर तीन दिवसांनी अदलाबदल. फुकटात होणारा खेळ म्हणजे जाड टॉवेलच्या घड्यांत दाणे लपवणं. आठवड्यातून एकदा रबरी खेळणी साबणाने धुवा. लसीकरण पूर्ण झालेलं नसेल तर दुसऱ्या कुत्र्याची वापरलेली खेळणी आणि भांडी घेऊ नका. पिल्लांना जीवघेणे जुलाब करणारा पार्व्होचा विषाणू वस्तूंवर कित्येक महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही.

पायरी ७: "सोड" पहिल्याच आठवड्यात शिकवा

तोंडातली वस्तू हिसकावून घेतली की पिल्लू दोन गोष्टी शिकतं: पळायचं, किंवा पटकन गिळायचं. म्हणून अदलाबदल करा. कमी आवडीचं खेळणं द्या, नाकाशी चिकनचा तुकडा धरा, तोंड उघडताच "सोड" म्हणा, तुकडा द्या, आणि खेळणंही परत द्या. हे परत देणं महत्त्वाचं, कारण त्यामुळे सोडण्यात तोटा नाही हे त्याला कळतं. दिवसात पाच-सहा वेळा, एकेक मिनिट. घरातल्या सगळ्यांनी आणि कामाला येणाऱ्या मावशींनीही हाच एक शब्द वापरायचा.

पायरी ८: काही गिळलंच तर

पिल्लू घशाशी पंजे मारत असेल, आवाज निघत नसेल, जीभ निळसर दिसत असेल तर तोंड उघडून बघा. वस्तू दिसत असेल आणि बोटांत पकडता येत असेल तरच काढा. आंधळेपणाने बोट घालू नका, ती आणखी आत जाते. छोट्या पिल्लाला डोकं खाली धरून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने थापा मारा, आणि लगेच निघा.

गिळून झालं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. मीठच विषासारखं बाधतं, आणि टोकदार वस्तू वर येताना जास्त इजा करते. उलटी करवायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, आणि तो पर्याय साधारण पहिल्या दोन तासांतच असतो, म्हणून "सकाळी बघू" म्हणू नका. पिल्लाचं वजन, काय खाल्लं, किती आणि कधी, एवढं फोनवर सांगा. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबत असेल तर ओढू नका. पुन्हा पुन्हा उलट्या, खाणं बंद, शी न होणं, पाठ कमानीसारखी करून बसणं, ही आतडं अडल्याची लक्षणं आहेत.

घराजवळ रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हे पिल्लू आणायच्या आधीच शोधा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. संध्याकाळी घोडबंदर रोडवर अडकायला होतं तेव्हा दोन पर्याय हवेत, एक रस्त्याच्या अलीकडे, एक पलीकडे.

आमच्याकडे रविवारी सकाळी चहाबरोबर सगळी खेळणी चटईवर मांडली जातात. प्रत्येकावर नख फिरवायचं, तडा बघायचा, तुकडा गायब आहे का ते बघायचं, तोंडाशी माप धरायचं. चिंगी सात महिन्यांची झाली त्या रविवारी पिल्लांचं ते मऊ निळं रबर तिच्या पक्क्या दाढांखाली कडेने फाटलेलं निघालं. ते कचऱ्यात गेलं आणि तिच्यासाठी एक माप मोठं, कडक रबराचं आणलं.